पितळेची नळी

दाजी, दहाव्याला घाटावर माईक फिरत फिरत माझ्यापर्यंत आला आणि मी तो न बोलता शेजारच्याकडे सरकवला. लोकांना वाटलं, कंठ दाटला असेल. बायकोचा भाऊ म्हणजे घरचाच माणूस. तसं काही नव्हतं. माझा कंठ अगदी मोकळा होता.

तुम्हाला ती घाटावरची भाषणं कधीच सोसली नाहीत. कुणाच्याही दहाव्याला गेलात की पिंडाला कावळा शिवेपर्यंत थांबायचात आणि माईकची खरखर सुरू झाली की चपला शोधायला लागायचात. "मेलेल्या माणसाला उठून 'गप बसा' म्हणता येत न्हाई, म्हणून बोलत्यात," असं म्हणायचात. तुमच्याही वेळी सगळं रीतसर झालं. प्रवचन झालं, मग पुढाऱ्यांची श्रद्धांजली. ज्यांनी तुम्हाला उभ्या जन्मात पाहिलं नाही त्यांनी तुमच्याशी असलेला घरोबा सांगितला. एकाला अजून कुठल्यातरी दहाव्याला जायचं होतं. त्यानं घाईत तुमचं नाव चुकवलं, मागून कुणीतरी "सोपानराव, सोपानराव" असं कुजबुजलं आणि तो "तर असे हे आपले सोपानराव" म्हणून पुढं निघाला.

मग तुमच्या भोसरीच्या वर्कशॉपचे मालक उभे राहिले. ते मात्र मनापासून बोलले. त्यांनी ताईकडून तुमच्या हातची ती जोडीची दोन्ही शाईची पेनं आधीच मागून घेतली होती. उंच धरून दाखवली. "सोपानरावांनी हे पितळेचं पेन शेवटी केलं. बोटं बधीर झालेली, उभं राहवत नव्हतं. तरी बघा, मंडळी, कुठं एक रेघ चुकलेली नाही." माना डोलल्या. ताईनं पदर तोंडाला लावला. आणि मग तो माईक माझ्या हातात आला.

रेघ चुकलेली नव्हती, कारण त्या पेनाची नळी तुम्ही केलीच नव्हती. ती माझ्या कंपनीत, चाकणला, आकडे भरले की आपोआप चालणाऱ्या सीएनसी मशीनवर झाली होती. हे मला ठाऊक होतं आणि तुम्हाला ठाऊक होतं. ताईला नव्हतं. त्या दिवशी घाटावर ताईला तुमचं म्हणून हातात धरायला जे होतं, ते माझं खोटं होतं.

मी कमी बोलतो याचं तुम्ही चारचौघांत कौतुक करायचात. "आमचं मेव्हणं तोलून बोलत्यात." दाजी, मी तोलत नव्हतो. बोलायचं टाळत होतो. आता तुम्ही नाही म्हटल्यावर सगळं सांगतोय, यातही काही शौर्य नाही हे मला कळतं.

तो परत पाठवलेला लॉट आठवतो ना? तुमच्या वर्कशॉपमधून आमच्याकडे पिना यायच्या. मी क्वालिटीला नवा नवा इन्स्पेक्टर, छातीला बिल्ला, खिशात मायक्रोमीटर. एका लॉटचं माप बसेना. पुरा लॉट परत लावला. संध्याकाळी ताईचा फोन, त्यावरून कळलं की त्या पिना तुम्ही केलेल्या. मी म्हटलं, मला काय माहीत कुणाच्या हातच्या, आणि माहीत असतं तरी परतच लावल्या असत्या. ताईनं फोन आपटला. त्या भाऊबीजेला तिनं ओवाळणीचं ताट हातात घेऊन विचारलं, "बघ रे, ओवाळून घेतोस, का मला पण रिजेक्ट मारतोस?" सगळे हसले. मीच तेवढा हसलो नाही. तुम्ही पाटावर माझ्या शेजारी बसला होता. म्हणालात, "अगं माल खराब हुता. टूल झिजलं हुतं, मी बदलायला आळस केला. त्यानं न्हाई सांगायचं तर कुणी सांगायचं?" आणि माझ्या मांडीवर थाप मारलीत. "घरात एक माणूस खरं सांगणारा पाहिजे. त्यो आपल्यात हाय."

ती थाप मी आयुष्यभर मिरवली. कुणाचाही माल परत लावताना मला तुमचं ते वाक्य आठवायचं आणि बरं वाटायचं. आता तेच वाक्य आठवलं की झोपलेला माणूस दचकून उठावा तसं होतं.

पेनाचं खूळ तुमच्या डोक्यात ताईमुळेच शिरलं. अंगणवाडीची रजिस्टरं भरून भरून तिचं मनगट दुखायचं आणि बॉलपेनला ती शिव्या द्यायची. आमचे वडील खेडला शाळेत मास्तर, त्यांनी आम्हाला शाईच्या पेनानं अक्षर गिरवायला लावलेलं, त्यामुळं तिला बॉलपेन म्हणजे खिळ्यानं लिहिल्यासारखं वाटायचं. तिच्या जुन्या शाईच्या पेनाचं टोपण फुटलं आणि तुम्ही म्हणालात, हात्तिच्या, टोपण काय, करून देतो की. गोठ्यात बैलांच्या जागी तुम्ही ते जुनं लेथ, कातकामाचं यंत्र, आणून बसवलं होतं, भोसरीत एक शॉप बंद पडलं तेव्हा घेतलेलं. त्यावर टोपण झालं. मग अख्खं पेन झालं. मग ज्याच्या त्याच्या खिशाला तुमचं पेन. निब तेवढी बाजाराची, बाकी हातचं. विकलं मात्र एकही नाही. मी म्हणायचो, दाजी, दुकानात ठेवा, लोक घेतील. तुम्ही म्हणायचात, "शिफ्टभर लोकांसाठीच करतोय. घरी आल्यावर परत गिऱ्हाईक कशाला?"

आणि मग पोटाच्या कॅन्सरचं निदान झालं. डॉक्टरांनी पुढचं सगळं समजावून सांगितलं, ताई भिंतीला टेकून खाली बसली, आणि तुम्ही घरी येऊन पहिलं काय केलं तर दोन गज, गोल सळ्या, मागवले. एक एबोनाइटचा, ते काळं, दगडासारखं कडक केलेलं रबर. दुसरा पितळेचा.

पुढच्या गुरुवारी, सुट्टीच्या दिवशी, मी कुरुळीला आलो तेव्हा दोन्ही गज लेथशेजारी भिंतीला उभे होते.

"जोड करायची," तुम्ही म्हणालात. "काळं माझं. पिवळं तुमच्या ताईचं. हळदीच्या अंगानं आली हुती या घरात."

"पितळ जड होईल दाजी. तिचं मनगट आधीच दुखतंय."

"आतनं पोखरून पातळ करू की."

"पातळ केलं तर चेपेल."

"चेपंल एवढं पातळ करायला मी काय तुमच्या कंपनीत हाय?"

लांबी एक, जाडी एक, टोपण फिरवायचे आटे एक. आणि टोपणांची अदलाबदल. काळ्या नळीला पितळेचं टोपण, पितळेच्या नळीला काळं. "माझ्या डोक्यावर ती, तिच्या डोक्यावर मी." ताई दारातून म्हणाली, "माझ्या डोक्यावर आधीच काय कमी आहे?" तुम्ही एवढे हसलात की ठसका लागला, आणि ठसका थांबेना. मग कुणीच हसलं नाही.

काळी नळी तुम्ही उपचार सुरू व्हायच्या आधी केलीत. मी शेजारी स्टुलावर बसून होतो. एबोनाइट कातताना गंधकाचा वास सुटतो. ताई नाकाला पदर लावून, "गोठ्यात अंडी नासलीत का?" म्हणून ओरडायची. काळी साल फितीसारखी लांबच्या लांब निघायची, ती तुम्ही डाव्या हातानं अलगद बाजूला करायचात, नजर टूलवरून न काढता. घाई केली की ते तापतं, तापलं की फुगतं, आणि गार झाल्यावर माप चुकतं, हे तुम्हाला मी सांगायची गरज नव्हती. तरी मी सांगितलं. तुम्ही मान हलवलीत. मग दोन्ही टोपणं केलीत. मी मायक्रोमीटर लावला. तुमचं माप नेहमीसारखं थोडं वरच होतं. तुम्ही तसंच ठेवायचात, शेवटी हातानं घासून आणायला. "मशीननं जवळ न्यायचं," म्हणायचात, "घरात सोडायचं काम हाताचं."

पितळेची नळी राहिली. "तिचं शेवटाला करतो, निवांत." मी म्हणालो नाही की आत्ताच करा. तुमच्यापुढं वेळ कमी आहे असं कोणत्या तोंडानं म्हणणार होतो? हे न बोललेलंही त्यातच धरा.

उपचारांनी पोटाचं काय केलं ते डॉक्टरांना ठाऊक, पण तुमची बोटं गेली. भाताचा घास हातात आहे की नाही हे तुम्ही बघून ठरवायला लागलात. शर्टाची बटणं ताई लावून द्यायची. आणि असल्या बोटांनी तुम्ही पितळ लेथला लावलंत. मी त्या दिवशी नव्हतो. ताईनं सांगितलं की सकाळी गोठ्यात गेले ते जेवायलाच आले नाहीत, आणि बाहेर आले तेव्हा पितळेचा चुरा भुवयांत होता.

त्या गुरुवारी तुम्ही माझ्या हातात फडक्यात गुंडाळलेली नळी दिलीत.

"मेव्हणं, कंपनीत न्या. माप बघा. आणि खरं सांगा."

"खरं सांगा" हे तुम्ही मोठ्यानं म्हणालात. ताई ऐकत होती. मी फडकं न उलगडताच खिशात घातलं.

दुसऱ्या दिवशी कंपनीत टेबलावर उलगडलं. दाजी, मायक्रोमीटर लावायची गरजच नव्हती. तरी लावला. सवय. मग नळी प्रकाशाकडे धरून आरपार पाहिली. मग फिरवून पाहिली. मग बराच वेळ काहीच पाहिलं नाही.

सरळ सांगायचं होतं, "दाजी, नाही जमली." तुम्ही ऐकून घेतलं असतं. मला ठाऊक आहे तुम्ही काय केलं असतं. म्हणाला असतात, "मला पण वाटलंच हुतं," आणि मग एकतर दुसरा गज मागवला असता, नाहीतर ताईला म्हणाला असतात, ही घे, ही अशीच हाय, मी बी असाच हाय. दोन्ही तुमचे निर्णय झाले असते. मी तुम्हाला दोन्ही करू दिलं नाही. मला तुमची दया आली. आयुष्यात पहिल्यांदा तुमच्या हातच्या कामाची मला दया आली, आणि मला वाटलं, हे प्रेम आहे.

आमच्याकडच्या एका ऑपरेटरला म्हटलं, एक घरगुती काम आहे. तो म्हणाला, "सर, ड्रॉइंग द्या." ड्रॉइंग कुठलं? तुमच्या टोपणाच्या आट्याचं माप सांगितलं, लांबी सांगितली. त्यानं आकडे भरले, बटण दाबलं. चहा आला, चहा संपेस्तोवर नळी तयार होती. त्यानं हातात देताना विचारलं, "कुणासाठी आहे, सर?" मी म्हटलं, "बहिणीसाठी." "भारी गिफ्ट," म्हणाला.

आणि तुमची?

हे लिहायला मला आत्तापर्यंत वेळ लागला. इन्स्पेक्टरच्या टेबलाशेजारी लाल पेटी असते. रिजेक्ट झालेला तुकडा चांगल्या मालात चुकून मिसळू नये म्हणून त्यावर लाल रंगाचा फराटा ओढायचा आणि पेटीत टाकायचा. विचार करून करायची गोष्टच नाही ती. हजार वेळा केलेली. नवी नळी खिशात घातली, तुमची नळी उचलली, फराटा ओढला, टाकली. दारापर्यंत गेलो तरी काही कळलं नाही. घरी पिंपळे सौदागरला, सोसायटीच्या लिफ्टमध्ये, बोटाला लाल रंग दिसला तेव्हा कळलं. सकाळी शिफ्ट सुरू व्हायच्या आधी गेलो. पेटी रिकामी होती. भंगाराची गाडी येऊन गेली होती. यार्डातल्या माणसाला विचारलं, तो म्हणाला, "साहेब, पितळ वेगळं जातं. ते वितळवायला गेलं."

माझ्या जागी दुसरा कुणी असता, शिक्षक, बँकेतला, शेतकरी, कुणीही, तर ती नळी त्यानं घरी नेली असती. लपवली असती, पण फेकली नसती. क्वालिटीवालाच फेकतो.

गुरुवारी नवी नळी घेऊन आलो. तुम्ही पलंगावर उशीला टेकून बसला होता, टीव्हीचा आवाज बंद करून नुसती चित्रं बघत. मी तुमच्या तळव्यावर नळी ठेवली. बोटांना काही कळत नव्हतं. तुम्ही मूठ मिटली, उघडली, पुन्हा मिटली. आणि मग ती नळी वर नेऊन खालच्या ओठावर ठेवलीत आणि ओठावरून हळूहळू फिरवलीत, या टोकापासून त्या टोकापर्यंत. मी आयुष्यात अनेक मापकं पाहिली, पण ओठानं माप घेताना माणूस पाहिला नव्हता.

"लई सरळ झालीय," तुम्ही म्हणालात.

"जरा बफिंग, पॉलिश केलं. तुमचाच हात आहे दाजी."

"व्हय?"

एवढंच. तो प्रश्न होता की होकार, हे मी आजपर्यंत ठरवू शकलेलो नाही. खोटं बोलतोय, ठरवलंय. प्रश्न होता. आणि मी त्या प्रश्नावर म्हणालो, "व्हय."

तुम्ही ताईला हाक मारली. ती हात पुसत आली. तुम्ही काळं टोपण त्या नळीवर फिरवून बसवलंत. नीट बसलं. यंत्राला काय, आकडे दिले की बसतं. तिच्या हातात देत म्हणालात, "घे. तुझ्या भावानं पास केलीय."

ताईला त्यात कौतुक ऐकू आलं. पास न करणाऱ्या भावानं पास केलं, म्हणून तिनं त्या दिवशी आळीत पेढे वाटले. मला जे ऐकू आलं ते मी कुणाला सांगू शकलो नाही. तुम्ही माझ्याकडे पाहिलं नाही. टीव्हीचा आवाज मोठा केलात.

आता कडू बोलतो. मला तुमचाही राग येतो, दाजी. तुम्ही एक शिवी दिली असतीत तर मी सुटलो असतो. "कुणाची ही?" असं ओरडून विचारलं असतं तर मी रडून पाय धरले असते. तुम्ही मला काहीच बोलला नाहीत. ज्याला घरातला खरं सांगणारा म्हणून मांडीवर थाप मारली होती, त्याला तुम्ही गुपचूप खोटं बोलू दिलंत. का? थकला होतात? की ताईच्या डोळ्यातलं पाणी बघून म्हणालात, असू दे? की तुम्हीही माझ्यावर लाल फराटा ओढून मोकळे झालात? त्या दिवसानंतर तुम्ही गोठ्यात पाऊल टाकलं नाही. लेथवर ताडपत्री पडली. ताई शेजारणीला सांगायची, "जोड पुरी झाली ना, आता समाधान आहे यांना." मी ऐकायचो आणि चहा प्यायचो.

शेवटच्या भेटीला मी ठरवून आलो होतो. कंपनीतून येताना वाटेत गाडीत मोठ्यानं बोलून वाक्य पाठ केलं होतं. तुमचा आवाज अगदी खाली गेला होता. मी कान जवळ नेला.

"चौकात गर्दी हुती का?"

"होती."

"तळेगाव चौकात?"

"तिथंच. कंटेनर आडवा झाला होता."

"व्हयच. पूल करत्याल म्हणं."

"म्हणतायत."

मग तुम्ही डोळे मिटले. तुम्ही मला वाट देत होता की वाट अडवत होता, मला कळलं नाही. आपण दोघं शेवटचं बोललो ते चाकणच्या ट्रॅफिकवर.

तेरावा झाला. मांडवाचे बांबू निघाले. गेल्या गुरुवारी मी आलो तेव्हा ताई ओसरीवर रजिस्टर भरत बसली होती. पितळेच्या पेनानं. शाई जरा जास्त उतरते तिच्या पेनातून, ती टिपकागद ठेवते शेजारी. मला बघून तिनं पेन खाली ठेवलं आणि उजव्या हाताची बोटं नाकाशी नेली.

"विलास, हे बघ. लिहिलं की हाताला पितळेचा वास येतो. यांच्या हाताला यायचा ना, शिफ्टवरून आल्यावर, अगदी तस्सा. मी हात धूतच नाही मग."

मी तिथंच सांगितलं. उभ्यानं. सत्यासाठी सांगितलं असं लिहायचं होतं मला, पण ते खरं नाही. ती हाताचा वास घेत होती आणि मला ते बघवेना, म्हणून सांगितलं. माझ्यासाठीच. तिच्याकडून काय काढून घेतोय हे कळत असताना.

 सगळं ऐकून झाल्यावर ती म्हणाली, "म्हणजे 'तुझ्या भावानं पास केलीय' म्हणाले, ते..."

"हो."

"आणि मी पेढे वाटले."

"ताई..."

"घाटावर वर धरून दाखवलं मालकांनी. तू माझ्या मागं बसला होतास." तिचा आवाज चढला नव्हता. "तिथं नाही बोललास. आता बोलतोस. आता, जेव्हा यांना विचारता येत नाही."

तिनं पेन उचललं. काळं टोपण फिरवून काढलं. "हे यांनी केलंय ना? नक्की?"

"नक्की. माझ्यासमोर केलंय."

"हे माझं." टोपण तिनं मुठीत ठेवलं. आतली निब, पुढचा भाग सगळं काढलं, शाई टिपली आणि नुसती पितळेची नळी रजिस्टरवरून माझ्याकडे ढकलली. ती घरंगळत आली. सरळ होती, कुठं अडली नाही. "ही तुझी. ने घरी."

मी हात लावला नाही.

"तुला वाटलं मला चांगलं पेन पाहिजे होतं?" ती म्हणाली. "दुकानात मिळत नव्हतं?"

बाहेर गोडाऊनकडे जाणारा ट्रक मागे येत होता, त्याचा तो भोंगा वाजत राहिला. 

तो थांबल्यावर तिनं विचारलं, "यांनी केलेली कुठाय?"

मी लाल पेटी सांगितली. फराटा सांगितला. भंगाराची गाडी सांगितली. ती रडेल असं वाटलं होतं, मारेल असंही वाटलं होतं. तिनं फक्त टोपणाची मूठ आणखी घट्ट केली.

"कशी होती?"

"खराब होती, ताई."

"ते कळलं. कशी होती ते सांग. तू एकट्यानंच बघितलीय."

दाजी, तुमच्या शेवटच्या कामाबद्दल मला दुसरं काही ठाऊकच नव्हतं. मी त्यात तेवढंच पाहिलं होतं. म्हणून तेच ताईला सांगायला लागलो. भोक मध्यावर नव्हतं, एका अंगाला सरकलं होतं, त्यामुळं एक बाजू जाड, एक पातळ. पुढचे दोन आटे तुटलेले, त्यावरून परत आटे पाडलेले, दोनदा. मधल्या भागावर बारीक लाटा, टूल थरथरल्याच्या, मागं मागं जात कमी होत गेलेल्या, म्हणजे मागून सुरुवात केली असावी आणि पुढं येईपर्यंत दमले असावेत. मागचं टोक गरजेपेक्षा जाड ठेवलेलं. पातळ होईल म्हणून भ्याले असतील. आणि एका जागी टूल आत घुसलेलं, नख अडकेल एवढं. तिथं त्यांनी नंतर हातानं कानस मारली होती, मग पॉलिश पेपर घासला होता, खूप वेळ घासला असणार, कारण तेवढीच जागा आरशासारखी झाली होती, बाकी नळीपेक्षा उजळ.

ताई ऐकत होती. तुमच्या लहानपणच्या गोष्टी तुमची आई सांगायची तेव्हा ऐकायची तशी. मी थांबलो की म्हणायची, "आणि?"

मग तिनं ती सरळ नळी रजिस्टरवरून उचलली आणि माझ्यापुढं धरली.

"ती उजळ जागा. कुठं होती?"

मी बोट ठेवलं. मी बोट काढल्यावर तिनं तिथं आपला अंगठा ठेवला आणि हळूहळू घासला.

"इथं?"

"थोडं खाली," मी म्हणालो.